एआय सहायक नियम ऐकत नाही? आधी फाइलमधल्या दीडशे ओळी खोडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुळे सोलापुरात चौघांची टीम आहे. चादरी-टॉवेलचे कारखानदार आणि व्यापारी यांच्यासाठी लॅराव्हेलमध्ये (वेब सॉफ्टवेअरचा पीएचपीतला तयार सांगाडा) बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करता. काही महिन्यांपासून सगळे कोड लिहून देणारे एआय सहायक वापरताय: दोघं क्लॉड कोड, एक कर्सर, एक कोपायलट. सहायकानं कोड कसा लिहावा हे सांगणारी कुणाची तरी नियमांची फाइल नेटवरून उचलली, तिच्यात भर घालत गेलात आणि ती दोनशे ओळींच्या वर गेली. तरी सहायक कधी ऐकतो, कधी साफ दुर्लक्ष करतो. आता ‘कदापि नाही’, ‘अत्यंत महत्त्वाचे’ असं ठळक अक्षरांत लिहायचं का, हे तुम्हाला विचारायचंय.

नको. आवाज वाढवून फार फरक पडत नाही. दोनशे ओळींतल्या पन्नास ओळी ओरडायला लागल्या की कुठलीच ओळ वेगळी ऐकू येत नाही. मीही इथल्याच यंत्रमाग धंद्यासाठी सॉफ्टवेअर करतो, त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये काय असेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. पहिल्या पंचवीस ओळी ‘कोड स्वच्छ लिहावा’, ‘सर्वोत्तम पद्धती वापराव्यात’, ‘तुम्ही एक ज्येष्ठ लॅराव्हेल तज्ज्ञ आहात’ अशा असतील. मग स्पेस किती, कंस कुठं, नावं कशी. मग पॅकेजांची, म्हणजे वापरलेल्या तयार कोडची, यादी, जी त्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपोजरच्या फाइलमध्ये आधीच आहे. आणि कुठंतरी दीडशेव्या ओळीच्या आसपास, दोन फुटकळ सूचनांच्या मध्ये, तुमच्या धंद्याचा खरा नियम दबून बसलेला असेल.

ही फाइल काम कशी करते ते आधी बघू. तिच्यात जादू काही नाही. तुम्ही काम सांगता तेव्हा तिचा मजकूर मॉडेलला वाचायला दिला जातो, बस्स. मॉडेल तो वाचतं, तुमचं सांगणं वाचतं, उघडलेल्या फाइलींतला कोड वाचतं आणि या सगळ्याला धरून पुढचं लिहितं. फाइलीतलं वाक्य पाळलंच जाईल याची सक्ती कुठेच नसते. त्यातून एखादा नियम एक सांगतो आणि आजूबाजूच्या चाळीस फाइलींतला कोड दुसरं दाखवतो, तेव्हा बऱ्याचदा कोडच जिंकतो. ‘कंट्रोलरमध्ये (पानाची विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) क्वेरी (डेटाबेसला विचारणा) लिहू नये’ असं लिहून ठेवलंय आणि तुमच्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये क्वेरी आहे, तर सहायकानं कुणाचं ऐकावं? माणूसही शेजारच्या फाइलीचंच ऐकेल.

म्हणून माझ्याकडे नियमाला फाइलीत जागा मिळण्याआधी एकच प्रश्न असतो: हे कोड वाचून कळतं का? कळत असेल तर लिहायची गरज नाही. कळत नसेल, पण मशीनला तपासता येत असेल, तर ते काम मशीनकडे द्यायचं. जे कोड वाचून कळत नाही आणि मशीनलाही पकडता येत नाही, ते धंद्याचं शहाणपण तेवढं फाइलीत ठेवायचं, आणि ते कारणासकट. या चाळणीतून तुमच्या दोनशेपैकी चाळीस-पन्नास ओळी उरल्या तर त्या चांगल्या उरल्या समजा.

कारणासकट म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगतो, कारण सगळा फरक तिथंच पडतो.

आपली बिलं मराठीतही छापावी लागतात. सहायकाला पीडीएफ करायला सांगितलं की लॅराव्हेलच्या जगात त्याच्या हाताला पहिलं डॉमपीडीएफ हे पॅकेज लागतं. इंग्रजी बिलाला ते उत्तम आहे. देवनागरीत मात्र पत्त्यातलं ‘सिद्धेश्वर पेठ’ छापून बघा. ऱ्हस्व वेलांटी ‘स’च्या आधी यायची ती नंतर येते, ‘द्ध’चा ‘द’ पाय मोडून सुटा पडतो, ‘श्व’ही तसाच. अक्षरांची ही जुळणी डॉमपीडीएफ करत नाही, एमपीडीएफ हे दुसरं पॅकेज करतं. आमच्याकडे पहिला नियम होता: ‘डॉमपीडीएफ वापरू नये.’ सहायकानं तो पाळला. पुढे मालाच्या गाठींवर चिकटवायची लेबलं करायला सांगितली, तेव्हा त्यानं तिसरंच एक पॅकेज आणलं आणि तिथंही वेलांटी मोडली. त्याची चूक नव्हती. त्याला एका पॅकेजची बंदी सांगितली होती, अडचण सांगितलीच नव्हती. मग नियम असा झाला: ‘छापलं जाणारं सगळं एमपीडीएफमधून, ओटीएल (अक्षरजुळणीची सोय) चालू ठेवून. कारण नावं-पत्ते देवनागरीत असतात आणि जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी इतर साधनांत मोडतात. नमुना: बिलाची पीडीएफ सर्व्हिस (तेवढंच काम करणारा कोड).’ त्यानंतर गेटपासचं काम आलं तेव्हा त्यानं कुणी न सांगता तीच सर्व्हिस उचलली. इतकंच नाही, चाचणीचा नमुना म्हणून जोडाक्षरांचं नावही स्वतःच घेतलं.

त्या नियमात तीन गोष्टी आहेत: काय करायचं, का करायचं आणि नमुना कुठं आहे. नमुन्याच्या फाइलीचं नाव देणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित युक्ती. चार ओळींत शैली समजावण्यापेक्षा ‘अमुक फाइलीसारखं’ म्हणणं जास्त लागू पडतं. फक्त ती फाइल खरंच चांगली असली पाहिजे, नाहीतर तिच्यातली घाण सगळीकडे पसरते.

आता जीएसटी. हे तुमच्या कामाचं मर्मस्थान आहे, म्हणून जरा थांबतो. टॉवेल-चादरीसारख्या तयार कापडी वस्तूंना नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के, असा दर बरीच वर्षं होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती मर्यादा २५०० झाली आणि वरचा दर १८ टक्के झाला. मॉडेलचं शिक्षण कुठल्यातरी तारखेला थांबलेलं असतं, आणि त्यानं वाचलेल्या मजकुरात जुन्या दराची पानं ढिगानं आहेत. त्यामुळे ‘कर काढणारं फंक्शन लिही’ म्हटलं की तो बिनदिक्कत १००० आणि १२ लिहून मोकळा होतो. साध्या टॉवेलला काही फरक पडत नाही, तो कुठल्याही हिशेबानं ५ मध्येच बसतो. पण १००० ते २५०० मधली भारी चादर बिलावर आली की कर दुपटीच्याही वर लागतो, आणि ते कळतं व्यापाऱ्याचा फोन आल्यावर.

इथं ‘नवा दर २५०० आणि १८ आहे’ असं फाइलीत लिहिणं हा चुकीचा उपाय आहे, जरी माहिती बरोबर असली तरी. उद्या दर पुन्हा बदलेल. शिवाय ऑगस्ट २०२५ चं बिल आज पुन्हा छापायचं असेल किंवा त्याची क्रेडिट नोट काढायची असेल, तर जुनाच दर लागतो. म्हणून आमचा नियम असा: ‘कराचा दर किंवा किमतीची मर्यादा कोडमध्ये आकडा म्हणून लिहायची नाही. दर तक्त्यातून, मूळ बिलाच्या तारखेनुसार घ्यायचा. तुझ्या आठवणीतला दर वापरू नकोस. तक्त्यात सापडला नाही तर एरर दे, अंदाज करू नकोस.’ हे शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. सहायकाला काम पूर्ण करून द्यायची भारी हौस असते. सापडलं नाही तर तो काहीतरी बरं दिसणारं भरून टाकतो. कुठं थांबायचं हे त्याला शब्दांत सांगावं लागतं.

तुमच्याकडे किलोवर विकला जाणारा मालही असेल. तिथं नगाची किंमत कशी धरायची हा प्रश्न प्रोग्रॅमरनं सोडवायचा नाही आणि सहायकानं तर नाहीच. सीएला विचारा, त्यांनी सांगितलेलं एका वाक्यात फाइलीत टाका आणि पुढं ‘यात बदल करण्याआधी विचार’ एवढं जोडा.

बिलाचा क्रमांक हीसुद्धा अशीच गोष्ट. सीजीएसटी नियमावलीतल्या नियम ४६ नुसार बिल क्रमांक १६ चिन्हांपेक्षा मोठा चालत नाही, तो आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो आणि त्यात अक्षरं, अंक, डॅश आणि स्लॅश एवढंच चालतं. सहायकाला मोकळं सोडलं की तो ‘आयएनव्ही’, डॅश, पूर्ण वर्ष, डॅश, पुढचं पूर्ण वर्ष, डॅश आणि सहा आकडी क्रमांक अशी देखणी रचना करतो. मोजा: ३, ४, ४ आणि ६, मध्ये ३ डॅश. झाली २० चिन्हं. स्क्रीनवर सुंदर दिसतं. मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून फोन येतो, ‘साहेब, बिल पोर्टलवर चढंना की ओ.’ दुसरी खोड म्हणजे शेवटचा क्रमांक काढून त्यात एक मिळवणं. दोन काउंटरवर एकाच क्षणी बिल झालं की दोघांना एकच क्रमांक. म्हणून क्रमांक द्यायची एकच सर्व्हिस, डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये लॉक घेऊन, म्हणजे एका वेळी एकालाच क्रमांक मिळेल. कच्च्या बिलाला क्रमांक नाही. मालिका १ एप्रिलला नवी.

पण बघा, यातला बराचसा भाग मशीनला तपासता येतो. १६ पेक्षा मोठा क्रमांक आला की टेस्ट (कोड तपासणारा कोड) पडली, म्हणजे नापास झाली पाहिजे. डेटाबेसवर आर्थिक वर्ष आणि क्रमांक यांचा युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारी अट) पाहिजे. हे झालं की फाइलीत एकच ओळ उरते: ‘बिल क्रमांक फक्त याच सर्व्हिसमधून, कारण नियम ४६.’ बाकीचं टेस्ट सांगते. आणि टेस्ट पडली की सहायक स्वतःच एरर वाचून दुरुस्त करतो, तिथं त्याला विसरायची मुभा नसते. आपल्याकडच्या मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की वेफ्ट फोर्कमुळे माग थांबतो. ‘धाग्याकडे लक्ष ठेवा’ अशी पाटी विणकरासमोर लावून कुणी कापड विणत नाही. तुमच्या दोनशे ओळींतल्या बऱ्याच ओळी अशा पाट्या आहेत.

त्यामुळे स्पेस, कंस, इंपोर्टचा क्रम वगैरे सगळं पिंट या कोडची मांडणी करणाऱ्या साधनाकडे द्या. टाइपांची (कुठं संख्या, कुठं मजकूर याची) तपासणी लारास्टॅन या साधनाकडे. फाइलीत फक्त एवढंच: काम संपवण्याआधी पिंट, लारास्टॅन आणि टेस्ट या तीन आज्ञा चालव आणि त्या हिरव्या झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नकोस. ‘जुन्या मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलीला) हात लावू नये’ हा नियम तुमच्याकडे असणारच. तोही सीआयमध्ये (कोड चढवला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) नेता येतो: मायग्रेशनच्या फोल्डरमध्ये नवी फाइल चालेल, बदललेली जुनी फाइल दिसली की बिल्ड लाल. तुमच्याकडे तीन वेगळी साधनं असल्यानं याचा आणखी एक फायदा होतो. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचा प्री-कमिट हुक (नोंद करण्याआधीची तपासणी) आणि सीआय यांना कोड कुणी लिहिला याच्याशी देणंघेणं नसतं. क्लॉडनं लिहिला काय, कोपायलटनं काय, तुम्ही रात्री अकरा वाजता हातानं लिहिला काय.

काही गोष्टी मात्र तपासून भागत नाहीत, तिथं कुलूपच लागतं, आणि याबाबत मी जरा हट्टी आहे. ‘मायग्रेट फ्रेश’ ही आज्ञा सगळे तक्ते पाडून नव्यानं बांधते. ‘ही आज्ञा चालवू नये’ असं फाइलीत लिहून निवांत झोपणारी मंडळी मी पाहिली आहेत. अहो, ज्या मशीनवरून ग्राहकाच्या चालू डेटाबेसला हात पोचतो त्या मशीनवर सहायक चालवायचाच नाही. डेटाबेसचे पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल वाचायला सेटिंग्जमधून मनाई करता येते, ती करा. क्लॉड कोडमध्ये परवानग्यांच्या यादीत नकार टाकता येतो, शिवाय आज्ञा चालण्याआधी अडवणारा हुकही लावता येतो. नव्या लॅराव्हेलमध्ये प्रॉडक्शनवर (ग्राहकाच्या चालू सिस्टिमवर) विध्वंसक आज्ञाच बंद करायची सोय आहे, तीही चालू ठेवा. आणि एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे टेस्ट. रिफ्रेश-डेटाबेस ही लॅराव्हेलची सोय वापरणारी टेस्ट ज्या डेटाबेसकडे बोट दाखवलेलं असेल तो रिकामा करते. टेस्ट चालवणाऱ्या पीएचपीयुनिटच्या सेटिंगमध्ये टेस्टचा वेगळा डेटाबेस दिलेला नसेल, किंवा त्या ओळी कॉमेंट केलेल्या असतील, तर ती ईएनव्हीतला डेटाबेस उचलते. तुम्ही सहायकाला म्हणाला, ‘टेस्ट चालवून बघ.’ त्यानं अगदी आज्ञाधारकपणे चालवल्या. डेटा गेला, आणि नियम एकही मोडला नाही. नियमांच्या फाइलीला हात लावण्याआधी आज संध्याकाळी ही एक गोष्ट तपासून घ्या.

एवढं बाहेर काढल्यावर फाइलीत उरतं काय? प्रामुख्यानं तुमच्या धंद्याची बोली आणि तुमच्या प्रकल्पाचा इतिहास.

बोलीचं म्हणाल तर इथं प्रत्येक शब्दामागे एक तक्ता असतो. आपल्याकडे ‘पार्टी’ म्हणजे माल घेणाराही आणि सूत देणाराही, आणि कित्येकदा एकच माणूस दोन्ही असतो. तुमच्या कोडमध्ये पार्टीचा एक तक्ता असेल, तर सहायक पहिल्या संधीला ‘कस्टमर’चा दुसरा तक्ता करू बघतो, कारण जगभरच्या कोडमध्ये त्यानं तेच पाहिलंय. मग उधारीचा ताळा बसत नाही. सुताच्या काउंटचं (सूत किती बारीक ते सांगणाऱ्या आकड्याचं) तर विचारूच नका. ‘२/२०’ म्हणजे २० काउंटचे दोन धागे पिळून केलेलं सूत. एका प्रकल्पात सहायकानं एक्सेलमधून माल भरताना तो कॉलम दशांशात घेतला आणि २ भागिले २० करून ०.१ साठवलं. गणित बरोबर, पण गोदामात ०.१ काउंटचं सूत! ‘काउंट हा मजकूर आहे, संख्या नाही. प्लाय (किती धागे पिळले) आणि सिंगल काउंट वेगळ्या कॉलममध्ये सुटे करून ठेवायचे’ अशी एक ओळ तिथं बस्स होते. गाठ, डझन, नग, किलो यांचंही तसंच. गाठीत किती नग हे मालानुसार बदलतं, म्हणून ते गुणक कोडमध्ये गाडायचे नाहीत. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, दिलेलं सूत आपल्या स्टॉकमधून जातं की आपलाच स्टॉक दुसऱ्या जागी असतो, हे तुमच्या प्रकल्पात काय ठरलंय ते लिहा. अशा दहा-बारा ओळी म्हणजे तुमच्या फाइलीचा सगळ्यात मोलाचा भाग. नेटवरून उचललेल्या फाइलीत यातली एकही असणं शक्य नाही.

यातून एक आडफायदा होतो. आपल्याकडे पोरं वर्षभर शिकतात आणि पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात. नव्या आलेल्याला मी आता हीच फाइल वाचायला देतो. त्याला जे वाक्य कळत नाही ते सहायकालाही नीट कळलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.

इतिहासाचं उदाहरण लॅराव्हेलमधलंच घ्या. लॅराव्हेल ११ मध्ये एचटीटीपी कर्नलची फाइल गेली आणि तिच्यात होणारी मिडलवेअरची (प्रत्येक विनंती आधी गाळून घेणाऱ्या कोडची) नोंद बूटस्ट्रॅप फोल्डरातल्या ॲप फाइलीत आली. पण १० वरून ११ वर आणलेल्या प्रकल्पात जुनी रचना तशीच ठेवता येते, आणि बहुतेक जण ठेवतात. आता सहायकाला कंपोजरच्या फाइलीत ११ दिसतं, तो नव्या पद्धतीनं नोंद करायला जातो, आणि तिथं तशी रचनाच नसल्यानं अख्खी ॲप फाइल नव्यानं लिहायला घेतो. त्याच्या दृष्टीनं तो सुधारणाच करत असतो. ‘आवृत्ती ११, पण रचना १० ची. मिडलवेअर कर्नलमध्येच नोंदवायचं’, ही एक ओळ तास वाचवते. तुमचा प्रकल्प कुठल्या आवृत्तीत सुरू झाला ते मला माहीत नाही, म्हणून ही ओळ तुम्हाला लागेल की नाही ते तुम्हीच बघा. पण ‘बाहेरून एक दिसतं, आत दुसरं आहे’ अशा जागा प्रत्येक जुन्या प्रकल्पात असतात, आणि सहायक नेमका तिथंच घसरतो.

इथवरचं थोडक्यात: सर्वसाधारण सल्ले खोडा, तपासता येईल ते टेस्ट आणि सीआयकडे द्या, धोक्याचं कुलपात ठेवा, आणि बोली व इतिहास कारणासकट फाइलीत ठेवा.

आता तीन साधनांचा प्रश्न. प्रत्येकाची जागा वेगळी आहे: क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतो, कर्सरचा नियमांचा स्वतःचा फोल्डर असतो, कोपायलटची सूचनांची फाइल गिटहबच्या फोल्डरमध्ये बसते. तीन प्रती ठेवल्या की महिन्याभरात तिन्ही वेगवेगळं बोलायला लागतात. हल्ली ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाची सामाईक फाइल बरीच साधनं वाचतात, कर्सर आणि कोपायलटसुद्धा. खरा मजकूर तिच्यात ठेवा आणि क्लॉडच्या फाइलीत ‘ॲट’ चिन्ह लावून तीच ओढून घ्या. सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी नुसती नोंद) करायचा सल्ला कुणी देईल, पण टीममध्ये विंडोज असेल तर गिट आणि सिमलिंकची भांडणं सोडवत बसावं लागतं.

सगळं एकाच फाइलीत कोंबायची गरजही नाही. कर्सरमध्ये कुठल्या फाइलींना कुठला नियम लागू ते ठरवता येतं, कोपायलटमध्येही येतं, आणि क्लॉड कोड उपफोल्डरातली फाइल त्या फोल्डरात काम निघालं की वाचतो. जीएसटीचे नियम बिलिंगच्या फोल्डरात ठेवा. स्टॉकच्या रिपोर्टचा रंग बदलायला सांगितल्यावर त्याला नियम ४६ माहीत असायचं काही कारण नाही.

या फाइली गिटमध्ये जाणारच, त्यामुळे पासवर्ड, ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, सर्व्हरचा पत्ता यातलं काहीही त्यात नको. ‘मला उत्तरं मराठीत दे’, ‘फार समजावत बसू नकोस’ असल्या वैयक्तिक आवडी ज्याच्या त्याच्या मशीनवरच्या खासगी फाइलीत. आणि सामाईक फाइलीतला बदल हा कोडच्या बदलासारखाच, दुसऱ्या कुणीतरी वाचून पास करायचा. चौघांच्या टीममध्ये हे जड वाटेल, पण ‘जाता जाता आजूबाजूचा कोडही सुधार’ असं एकानं आणि ‘मागितलं तेवढंच बदल’ असं दुसऱ्यानं लिहिलेलं मी एकाच फाइलीत पाहिलंय. मग सहायक कधी असं करतो, कधी तसं, आणि तुम्ही म्हणता तो ऐकत नाही.

नियम मराठीत लिहायचे की इंग्रजीत? दोन्ही चालतात. देवनागरी मजकूर सहसा जास्त टोकन (मॉडेल वाचतं ते मजकुराचे तुकडे) खातो, म्हणून तांत्रिक भाग इंग्रजीत ठेवला तर जागा वाचते. धंद्याच्या ओळी मात्र मी मराठीतच ठेवतो, कारण त्या तपासून घ्यायला मी कारखान्यातल्या दिवाणजींना दाखवतो आणि ते लगेच सांगतात, ‘असं नसतंय हे.’

नियम लागू पडतोय का, हे बघायची साधी रीत सांगतो. ज्या कामात चूक झाली होती तेच काम नव्या सत्रात, आधीच्या गप्पांचा काही मागमूस न ठेवता, पुन्हा सांगा. एकदा ती ओळ काढून, एकदा ठेवून. दोन्ही वेळा सारखंच आलं तर ती ओळ बिनकामाची आहे, भाषा कितीही कडक असो. नव्या सत्रात हे अशासाठी की लांबलेल्या गप्पांत तुम्ही तोंडी सांगितलेलं आधीच भरलेलं असतं, आणि नियमानं काम केलं की तुमच्या तोंडी सूचनेनं, ते कळत नाही. उलटही खरं: तोच तोच तोंडी टोमणा तुम्ही दर आठवड्याला मारत असाल, तर तो नियम व्हायला हवा.

शेवटचं, फाइल पुन्हा दोनशेवर जाऊ नये म्हणून. नियम लिहिताना तो कधी काढायचा तेही शेजारी लिहा. आमच्या त्या कर्नलच्या ओळीपुढे ‘कर्नलची फाइल गेली की ही ओळ काढा’ असं आहे, म्हणजे ज्या दिवशी कुणी ती रचना बदलेल त्याच कमिटमध्ये नियमही जाईल. पीडीएफच्या ओळीला अशी अट नाही, ती राहील. मॉडेलची मोठी नवी आवृत्ती आली की आम्ही वरची चाचणी थोडक्यात पुन्हा करतो, आणि दर वेळी दोन-चार ओळी गळतात. तुमची छाटलेली फाइल तयार झाली की ग्राहकांची नावं काढून इथं टाका, बिलिंगच्या फोल्डरातली आधी. ती मी वाचून सांगतो.